आबांनी न कापलेले फोन

ऑगस्ट २०२५ मधल्या त्या आठवड्यात माझ्या काउंटरवर जे फोन आले, त्यांतल्या बहुतेकांत बिघाड असा नव्हताच. कोल्हापुरात राजारामपुरीत मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवायला लागून मला सतरा वर्षे झाली. पाण्यात पडलेले, ट्रॅक्टरखाली आलेले, चार्जिंगला लावून फुगलेले असे कितीतरी फोन मी उघडले आहेत. पण ज्यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही आणि तरीही मालकाला वापरता येत नाहीत, अशा फोनांची रांग मी त्या दिवशी प्रथमच पाहिली.

साडेनऊला शटर वर केले तेव्हाच पायरीवर चौघे उभे होते. पाऊस उसंत घेत नव्हता. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याच्या बातम्या होत्या आणि राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला कधी टेकते, याकडे सगळ्यांचे कान लागले होते. २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांच्या घरात शिरून गेले, त्यांना ऑगस्टात वाजणारा फोन नुसता गप्पांचा वाटत नाही.

पहिल्या आल्या त्या मंगळवार पेठेतल्या एक निवृत्त शिक्षिका. आठच दिवसांपूर्वी मी त्यांच्या फोनचा फोल्डर, म्हणजे टचसह अख्खा डिस्प्ले, बदलला होता. "परवा तुम्ही डिस्प्ले टाकला आणि कालपासून फोन घेताच येत नाही. टच हलका टाकलात तुम्ही," असे त्यांनी सरळ तोंडावर सांगितले. मला ते लागले, कारण त्या खोटे बोलणाऱ्यांतल्या नाहीत. मी टच तपासला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ कुठेही तुटत नव्हती. मग माझ्या फोनवरून त्यांना फोन लावला आणि पडद्यावर जे आले ते पाहून बिघाड कोणता हे कळले. फोन घेण्याचा पडदाच बदलला होता. आजवर खालचे गोल चिन्ह वर ढकलले की फोन लागत असे. आता तिथे आडवी पट्टी आली होती. उजवीकडे सरकवली तर फोन घेतला जाई, डावीकडे सरकवली तर कापला जाई. सोबत अलीकडच्या कॉलची यादी आणि आवडत्या माणसांची पाने एकत्र झाली होती, नंबर साठवलेली वही बाजूच्या यादीत जाऊन बसली होती आणि अक्षरांचा, बटणांचा आकारही निराळा झाला होता. हा बदल फोनच्या मुख्य प्रणालीतला नव्हता. डायलर नावाचे जे एक अ‍ॅप असते तेवढेच रात्रीतून आपोआप अद्ययावत झाले होते आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या फोनांत तेच अ‍ॅप असल्यामुळे एकाच वेळी सगळ्यांच्या हातातला फोन परका झाला होता.

शिक्षिकाबाईंना मी हे समजावत होतो तोवर मागचा रिक्षावाला म्हणाला, "दादा, माझाबी तसाच. हॅक झालाय म्हणत्यात." त्याच्या मागच्या मुलाने सरकारने फोनमध्ये काहीतरी टाकले आहे असे ऐकले होते. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून आलेल्या मूर्तिकाराची बोटे शाडूने माखलेली होती. गणेशचतुर्थी २७ तारखेला होती, मंडळांचे फोन घेता येत नसल्याने तो घायकुतीला आला होता आणि "सॉफ्टवेअर मारून द्या" एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होता. सगळ्यांच्या बोलण्यात एक वाक्य मात्र सारखेच होते: "मी तर काहीच केलं नाही." दुरुस्तीच्या धंद्यात हे वाक्य आम्ही रोज ऐकतो आणि त्यावर फारसा विश्वास ठेवत नाही. त्या दिवशी ते शब्दशः खरे होते.

साडेदहाच्या सुमारास आंबेवाडीचे एक आबा आले. वय पंचाहत्तरीच्या पुढे, घरात एकटे, गोठ्यात दोन म्हशी. वडापने आले होते आणि फोन भिजू नये म्हणून दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून बंडीच्या खिशात ठेवला होता. पिशवीची गाठ सोडून त्यांनी तो काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "वाजतोय, पर घ्यायला गेलं की मरतोय. बॅटरी गेली असंल तर नवी घाला, पर आजच्या आज द्या. पाणी वाढाय लागलंय."

मी त्यांचा फोन त्यांच्याच हातात दिला आणि माझ्या फोनवरून रिंग दिली. यापुढचे सात-आठ सेकंद मी इतक्या बारकाईने पाहिले की आजही ते डोळ्यांपुढे जसेच्या तसे येतात. आबांनी फोन उजव्या हातात धरला. ऊसतोड आणि धारा काढून भेगाळलेला त्यांचा अंगठा पडद्याच्या खालच्या भागावर टेकला आणि सवयीप्रमाणे वर गेला. पट्टी हलली नाही. त्यांनी पुन्हा, जरा दाबून, वर ढकलले. उजव्या हातात धरलेल्या फोनवर अंगठा वर नेला तर तो सरळ रेषेत जात नाही. अंगठ्याचे मूळ खाली उजवीकडे असते, त्यामुळे तो कमानीसारखा डावीकडे झुकत जातो. आबांचा अंगठा तसाच डावीकडे झुकला, पट्टी त्याच्याबरोबर डावीकडे सरकली आणि माझ्या कानाला लावलेल्या फोनमध्ये रिंग तुटली. "बघा, मेला," आबा म्हणाले. फोन मेला नव्हता. आबांनी तो कापला होता आणि आपण तो घेत आहोत अशी त्यांची पूर्ण खात्री होती.

मी कॉलची यादी उघडली. जुन्या डायलरमध्ये एकाच माणसाचे लागोपाठचे कॉल एका ओळीत गोळा होत असत. नव्यात प्रत्येकाची स्वतंत्र ओळ येते, आणि त्या दिवशी तरी ते बरेच झाले असे म्हणायला हवे. आदल्या रात्री आठ वाजून दहा मिनिटांपासून साडेदहापर्यंत एकाच नावाच्या नऊ ओळी होत्या आणि तपशिलात पाहावे तर नऊही नाकारलेल्या. नाव त्यांच्या लेकीचे होते. ती इचलकरंजीला दिलेली आहे.

आबांना हे कसे सांगावे ते मला कळेना. अखेर सांगितले, की फोन बिघडलेला नाही, काल रात्री लेकीचे नऊ फोन आले आणि ते सगळे कापले गेले. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी त्यांच्यावर काही आळ घेतोय. "मी कशाला पोरीचा फोन कापतोय?" त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. ते स्टुलावर बसले. रविवारी लेकीशी थोडी बोलाचाली झाली होती. पाणी वाढले की चिखली-आंबेवाडीतले लोक जनावरे घेऊन सोनतळीला जातात. यंदा त्याआधीच तुम्ही माझ्याकडे या असे तिचे म्हणणे होते, आणि म्हशी सोडून येणार नाही असे यांचे. त्यानंतरचे हे नऊ फोन.

मी त्यांच्या फोनवरून तिला फोन लावून दिला. स्पीकर चालू होता. पहिली रिंग पुरी होण्याआधीच तिने उचलला आणि म्हणाली, "आबा, एवढं रागावलायसा व्हय? राती कितींदा लावला, दर बारीला कापला. ह्यांना पहाटं गाडी घिऊन लावून दिलंय तुमच्याकडं." जावई भर पावसात मोटारसायकलवरून आंबेवाडीला पोहोचला होता आणि कुलूप लावलेल्या घरासमोर उभा होता. आबा काही बोलेनात. त्यांनी एवढेच म्हटले, "न्हाई गं. मी कापला न्हाई. ह्येनी काय तर केलंय," आणि माझ्या काउंटरवरच्या त्यांच्याच फोनकडे बोट दाखवले. दुकानात तेव्हा सहा-सात माणसे होती. कोणी काही बोलले नाही.

मोठा बिघाड झाला तर कंपन्या धावाधाव करतात, हे मी पाहिलेले आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये ॲपलच्या आयओएस या फोन-प्रणालीच्या ८.०.१ या आवृत्तीने नव्या आयफोनांचे नेटवर्कच घालवले, तेव्हा ती काही तासांतच मागे घेतली गेली आणि दुसऱ्या दिवशी सुधारलेली आवृत्ती आली. आबांच्या फोनाबाबत मात्र मागे घेण्यासारखे काही नव्हते, कारण बनवणाऱ्यांच्या दृष्टीने ते अ‍ॅप अगदी ठरवल्याप्रमाणे चालत होते. खिशातून फोन काढताना बोट वर सरकते आणि नकळत कॉल घेतला किंवा कापला जातो, ते टळावे असा त्यांचा हेतू होता. हेतू चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. पँटच्या खिशात फोन ठेवणाऱ्या तरुण माणसाला ती अडचण खरोखरच येत असेल. परंतु फोन घेण्याची हालचाल वर्षानुवर्षे हातात बसलेली असते. ती डोक्यात नसते, अंगठ्यात असते. आबांसारख्या माणसाला अक्षरे वाचून फोन घेता येत नाही, ते रिंग ऐकतात आणि अंगठा वर नेतात. अशी गोष्ट रात्री माणूस झोपेत असताना न विचारता बदलणे, आणि तीही अशी बदलणे की जुनी हालचाल नुसती निकामी न होता उलटा अर्थ घेईल, हे मला आजही अक्षम्य वाटते. निदान एकदा विचारायला हवे होते, जुनी पद्धत एक पर्याय म्हणून ठेवायला हवी होती.

सेटिंगमध्ये दोनच पर्याय होते: आडवी सरकपट्टी किंवा एका स्पर्शाची दोन बटणे. वर ढकलण्याची पद्धत त्यांत नव्हती. मी आबांना बटणे लावून दिली. तीन वेळा रिंग दिली. दोनदा जमले, तिसऱ्यांदा पिशवीतून फोन काढतानाच बोट चुकीच्या बटणावर पडले आणि फोन पुन्हा कापला गेला. (रिक्षावाल्याला मात्र हीच बटणे पसंत पडली, सिग्नलला एका बोटाने फोन घेता येतो म्हणून. तो खूश होऊन गेला, हेही इथे सांगायला हवे.) शेवटी मी डायलरच्या माहितीच्या पानावर जाऊन त्याची अद्ययावत झालेली सगळी भर काढून टाकली. फोन घेताना त्यात जी मूळ आवृत्ती होती ती परत आली. मग प्ले स्टोअरमध्ये त्या एकाच अ‍ॅपचे आपोआप अद्ययावत होणे बंद केले. पुन्हा रिंग दिली. तेच जुने गोल चिन्ह आले, अंगठा वर गेला, डावीकडे झुकला आणि फोन लागला. आबा काउंटरच्या पलीकडून माझ्याकडे बघत फोनमध्ये "हालो" म्हणाले.

हे करताना माझे मन निर्धास्त नव्हते. मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो, की अपडेट टाळू नका, त्यांत सुरक्षेच्या फटी बुजवलेल्या असतात आणि तुमच्या फोनमध्ये बँक आहे. त्या दिवशी त्याच तोंडाने मी लोकांचे अपडेट बंद करत होतो. फट बुजवणे आणि घराचा दरवाजा दुसऱ्या भिंतीत हलवणे ही दोन कामे एकाच गाठोड्यात बांधून दिली, तर माणूस दरवाजासाठी गाठोडेच नाकारतो, आणि फट तशीच राहते. म्हणून ज्यांचे ज्यांचे अपडेट बंद केले, त्यांची नावे मी वहीत लिहून ठेवली, म्हणजे पुढे बोलावून पुन्हा पाहता येईल.

शिवाय हे मागे येणे डायलरपुरतेच शक्य होते. दुपारी एक प्राध्यापक आले. मुख्य प्रणालीची नवी आवृत्ती घेतल्यापासून त्यांचा फोन तापत होता आणि बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरत नव्हती. पहिले दोन-तीन दिवस फोन आतल्या आत सगळी अ‍ॅप्स नव्याने जुळवत असतो, तेव्हा थोडा धीर धरा असे मी एरवी सांगतो. त्यांना मात्र तीन आठवडे झाले होते. "जुनीच परत टाका," ते म्हणाले. प्रणाली एकदा पुढे गेली की बहुतेक फोन मागे येऊ देत नाहीत, कारण जुन्या आवृत्तीतल्या माहीत झालेल्या फटींतून कोणी शिरू नये म्हणून तशी आडकाठीच घातलेली असते. "म्हणजे नवा फोन घ्यावा म्हणून मुद्दाम करतात," ते म्हणाले. सगळेच मुद्दाम करतात असे मी मानत नाही. पण २०१८ साली इटलीच्या स्पर्धा नियामकाने जुने फोन मंदावणाऱ्या अपडेटसाठी ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला होता, हे मला माहीत आहे, त्यामुळे त्यांना खोडून काढण्याइतके बळ माझ्या शब्दांत नव्हते. त्यांची बॅटरी मी तपासली. ती चांगली होती. ते तसेच गेले.

पैशांचेही सांगतो. माझ्या दुकानातल्या दरफलकावर फोल्डर आहे, बॅटरी आहे, चार्जिंगचा जॅक आहे; या कामाला दर नाही. दुपारपर्यंत मी कोणाकडून काही घेतले नाही. नंतर रांग वाढली, खरी दुरुस्ती पडून राहिली, तेव्हा तीस रुपये घेऊ लागलो. घेताना बरे वाटत नव्हते, कारण हे लोक ज्या चुकीचे पैसे भरत होते ती ना त्यांची होती, ना माझी. शिक्षिकाबाईंनी जाताना "तुम्हाला उगाच बोलले" म्हणून क्षमा मागितली. ज्यांनी मागायला हवी, ते फार लांब बसले होते.

आबांचा जावई साडेअकराला त्यांना न्यायला दुकानात आला होता. रेनकोटमधून पाणी निथळत होते. सासऱ्यांना काही न बोलता त्याने आधी त्यांचा फोन हातात घेतला, स्वतःच्या फोनवरून रिंग दिली आणि त्यांना घ्यायला लावला. दोनदा. मग दोघे म्हशींची काय व्यवस्था करायची ते बोलत पायरी उतरून गेले.

रात्री वही मिटताना नावे मोजली, एकोणतीस भरली. गणपती बसण्याच्या आदल्या दिवशी इचलकरंजीहून आबांची लेक आली. मी तिला ओळखले नाही, आवाजावरून ओळखले. तिने पिशवीतून एक फोन काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "आबांचा चांगला चाललाय. हा सासूबाईंचा हाय, ह्योबी तसाच जुना करून द्या." मी वहीचे तेच पान उघडले आणि खाली तिसावे नाव लिहिले.