हौदातले मोथे : आषाढ ते दिवाळी

यंदाच्या पावसाळ्यात एक गोष्ट पक्की झाली. थोरला पपायरस आपल्या बेळगावात उघड्या अंगणात ठेवण्यात अर्थ नाही. आफ्रिकेत नद्या-दलदलींच्या काठी दहा-पंधरा फूट जाणारी ही मोथ्याची, म्हणजे लव्हाळ्याच्या कुळातल्या गवतासारख्या झाडाची, जात आमच्या टिळकवाडीच्या हौदातही माणसाच्या डोक्यावर गेली, म्हणजे वाढीबद्दल तक्रार नाही. पण आषाढात घाटाकडून वारा सुटला की तिचं काही चालत नाही. दांडा आतून भेंडासारखा हलका आणि वर झिपऱ्यांचा झुपका. तो झुपका पावसानं भिजून जड झाला की दांडा बुडाशी मोडतो. कळकाच्या काठ्या बांधून उभा करता येतो, पण मग तो टोमॅटोच्या वाफ्यासारखा दिसतो. आता त्याची रवानगी परसात, पश्चिमेला भिंत असलेल्या कोपऱ्यात केली आहे. तिथे बरा आहे.

त्यामानानं छोटा पपायरस आपल्याकडच्या हवेला फारच लायक. नर्सरीत ‘ड्वार्फ पपायरस’ म्हणून मिळतो, कधी ‘हस्पान’ अशी चिठ्ठी असते. शास्त्रीय नाव सायपेरस प्रोलिफर. दीड-दोन फुटांच्या सरळ दांड्या आणि टोकाला सगळ्या सारख्या लांबीच्या बारीक काड्यांचा गोल. वाऱ्यात डुलतो, पण मोडत नाही. पाणीही फार लागत नाही, गड्ड्यावर दोन-तीन इंच पुरे. दांडी वाकून झुपका पाण्याला टेकला की तिथेच नवी रोपं धरतात. हौदाचा एक कोपरा त्यानं असाच भरून काढलाय.

आता मातीबद्दल, कारण विचारणारे बहुतेक सगळे तिथेच अडतात. कुंडीसाठी तयार मिळणारं कोकोपीट-गांडूळखताचं मिश्रण पाण्यातल्या कुंडीत घालू नका. कोकोपीट तरंगून वर येतं, उरलेलं खाली कुजतं आणि चार दिवसांत हौदाला गटाराचा वास सुटतो. मोथ्यांना जड, चिकट माती लागते. खानापूरची लाल माती चालते, पण माझ्या मते येळ्ळूरकडच्या भातशेतातला पोयटा सगळ्यात उत्तम. ओली माती कुंडीत घट्ट दाबायची, वर इंचभर बारीक खडी पसरायची, म्हणजे मासे माती उकरत नाहीत आणि पाणी नितळ राहतं. ताजं शेण अजिबात नको. खत द्यायचंच असेल तर थोडं जुनं शेणखत मातीच्या गोळ्यात भरून मुळाशी खोल दाबावं. पाण्यात विरघळलं की मोथ्याच्या आधी शेवाळ पोसतं.

पोयट्याची एक गंमत मात्र होते. त्याच्याबरोबर भाताच्या शिवारातले गावठी मोथे फुकट येतात. श्रावणात कुंड्यांत भलतेच कोंब दिसायला लागले. काहींना पिवळसर कणसं आली, तो सायपेरस इरिया; काहींना हिरवट-तपकिरी गोल गुंडे, तो सायपेरस डिफॉर्मिस. दोन्ही भातशेतीतली नावाजलेली तणं. शेजारचे तात्या कुंपणावरून बघत होते. त्यांचा जन्म भांगलणीत गेलेला. म्हणाले, “काय ओ, लव्हाळं पैसे देऊन आणलासा व्हय?” पैसे दिलेलं झाड शेजारच्या कुंडीत आहे, हे त्यांना सांगून पटलं नाही. गोल गुंड्यांचा एक गड्डा मी मुद्दाम ठेवलाय, दिसायला खरंच गोड आहे. पण बी धरायच्या आत दांड्या कापतो, नाहीतर पुढच्या वर्षी हौदात भातशेतीच. आणि हे वर्षायू मोथे आहेत म्हणून एवढी मुभा. आपला नेहमीचा लव्हाळा, ज्याच्या सुगंधी गाठी नागरमोथा म्हणून दिवाळीच्या उटण्यात पडतात, तो कुंडीत दिसला तर गाठींसकट उपटा. एक गाठ राहिली तरी तो परत येतो.

छत्रीच्या मोथ्याकडे, म्हणजे ज्याला सगळे ‘अंब्रेला पाम’ म्हणतात त्याच्याकडे वळू. पामशी त्याचा काही संबंध नाही. वरच्या छत्रीच्या पट्ट्या म्हणजेही पानं नव्हेत, फुलोऱ्याखालचे छद आहेत. खरी पानं बुडाशी नुसत्या आवरणाएवढी उरलेली असतात. त्याची रोपं करणं इतकं सोपं आहे की विकत घेऊ नका, कुणाकडून तरी एक छत्री मागून आणा. दांडी दोनेक इंच ठेवून छत्री कापायची, पट्ट्या कात्रीनं निम्म्या करायच्या आणि उलटी करून पाण्यात तरंगत ठेवायची. छत्री खाली, दांडी वर. उन्हाच्या दिवसांत दोन-तीन आठवड्यांत पट्ट्यांच्या बेचक्यातून पांढरी मुळं आणि हिरवे कोंब निघतात. थंडीत तेच काम रेंगाळतं, म्हणून दिवाळीनंतर मी करत नाही. थोरल्या पपायरसवर हा उपाय सहसा चालत नाही. त्याचा गड्डाच फोडावा लागतो, आणि प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन जिवंत कोंब हवेत.

हाच छत्रीचा मोथा घरात ठेवायला सगळ्यात सोपा. घरातल्या झाडांना आपण एरवी ‘पाणी साचू देऊ नका’ म्हणतो, इथे नेमकं उलट. कुंडी ताटलीत ठेवायची आणि ताटली कोरडी पडू द्यायची नाही. पूर्वेची खिडकी मिळाली तर छान. अंधाऱ्या दिवाणखान्यात तो जगतो, पण दांड्या लांबून लोळतात. फाल्गुन-चैत्रातल्या कोरड्या हवेत पट्ट्यांची टोकं करपतात, आणि बोअरच्या जड पाण्यानं तर हमखास. पावसाचं पाणी पिंपात साठवलं असेल तर ते याच्यासाठी राखून ठेवा. टोकं कातरत बसण्यापेक्षा पिवळी दांडी बुडातून कापावी, नवी येतेच. पट्ट्यांच्या खाली बारीक जाळं दिसलं तर तो लाल कोळी. न्हाणीत नेऊन पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा. मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा. विषबाधेची भीती नाही, पण मांजरांना या पट्ट्या चावायला फार आवडतात आणि छत्रीची झाडणी होते.

आणखी एक निरीक्षण. आमच्याकडे याचं सगळ्यात दांडगं झाड ना हौदात आहे, ना घरात. ते आहे मोरीच्या पाण्याच्या वाटेवर. सांडपाणी शुद्ध करण्याच्या कृत्रिम पाणथळींत ही जात लावतात, त्यामुळे नवल नाही. पण याच कारणानं फोडलेले जादा गड्डे बळ्ळारी नाल्यात किंवा मार्कंडेयच्या काठाला फेकू नका. उष्ण देशांत ओढ्याकाठी ही जात सुटून माजल्याची उदाहरणं आहेत. उन्हात कडकडीत वाळवा, मग खतात टाका.

नव्यांपैकी पांढऱ्या चांदण्यांचा मोथा, ऱ्हिंकोस्पोरा कोलोराटा, भाद्रपदापासून फुलतोय. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. मोथे बहुतेक वाऱ्यावर परागीभवन करणारे, पण याचे पांढरे छद बघून किडे येतात. सकाळी छोट्या माश्या घिरट्या घालताना दिसतात. हौदाच्या कडेला, इंचभर पाण्यात आणि भरपूर उन्हात. सावलीत चांदण्या हिरव्याच राहतात.

‘फायबर ऑप्टिक’ गवत, म्हणजे आयसोलेपिस, अजून परीक्षेत आहे. त्याला थंडावा लागतो. बेळगाव २५०० फुटांवर, रात्री गार होतात, म्हणून उत्तरेच्या खिडकीत ते तग धरून आहे. अथणीच्या आमच्या मित्राकडे मात्र चैत्रातच गेलं. तिकडच्या मंडळींनी त्याच्या नादी न लागता छोटा पपायरसच लावावा.

त्याचे फुटवे माझ्याकडे भरपूर आहेत. संक्रांतीनंतर थंडी ओसरली की गड्डे फोडणार आहे. ज्यांना हवेत त्यांनी त्या सुमाराला या, आणि येताना न गळणारी बादली आणा. गेल्या खेपेला पिशवीतून नेलेले अर्धे फुटवे वाटेतच सुकले.