जुना पार्ट हातात: आमची वाटचाल

सांगलीच्या गावभागात दहा बाय बाराच्या गाळ्यात २००७ च्या दसऱ्याला आम्ही फ्रीज, वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान उघडलं. एक व्हॅक्यूम पंप, गेज, ब्रेझिंगचा सेट, मल्टिमीटर आणि बायकोने पतसंस्थेतून काढलेलं कर्ज, एवढंच भांडवल. त्याआधी नऊ वर्षं मी एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला होतो. आयटीआयचा रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा ट्रेड करून लागलो, हाताला वळण तिथंच लागलं, ते ऋण आहेच. पण शेवटी शेवटी महिन्याला इतके पीसीबी, म्हणजे मशीनचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड, खपलेच पाहिजेत, असं टार्गेट आलं. कनेक्टर सैल झालेला असायचा आणि बिल अख्ख्या बोर्डाचं लागायचं. गिऱ्हाईक आपल्यावर विश्वास टाकून चहा देतं आणि आपण त्याच्यासमोर खोटं बोलतो, हे मला सहन होईना. नोकरी सोडली.

पहिल्या वर्षातलं एक काम अजून डोळ्यांसमोर आहे. विश्रामबागेतल्या एक काकू, निवृत्त शिक्षिका. डबल डोअर फ्रीज, खालच्या कप्प्यात दूध नासत होतं. आधी येऊन गेलेल्याने 'गॅस संपला' म्हणून साडेतीन हजार सांगितले होते. मी फ्रीजरच्या आतलं मागचं कव्हर काढलं. गॅस कमी असला की कॉइलच्या, म्हणजे थंडावा देणाऱ्या नळीच्या, एका टोकालाच बर्फ धरतो. इथं अख्खी कॉइल विटेसारखी गोठली होती आणि पंख्याची पाती त्यात रुतली होती. थंड हवेला खाली यायला वाटच नव्हती. बर्फ वितळवणारा हीटर ज्या टायमरवर चालतो, तो टायमर जाम झालेला. म्हटलं, "काकू, जरा इकडे या, डोळ्यांनी बघा." त्यांनी चष्मा लावून वाकून पाहिलं. टायमर बदलला, जुना त्यांच्या हातात ठेवला, बिल चारशेच्या आत झालं. पुढच्या दोन वर्षांत त्यांच्या कॉलनीतली निम्मी घरं आमच्याकडे आली.

तेव्हापासून दुकानाचा नियम ठरला: बदललेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा आणि तो का गेला ते समोर उभं करून सांगायचं. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो, पकड-पाना नंतर.

गॅसचं एवढ्यासाठी सांगतो की सगळ्यात जास्त फसवणूक तिथंच होते. फ्रीजचा गॅस सिलिंडरसारखा वापरून संपत नाही, तो बंद नळीत फिरत राहतो. गेला असेल तर कुठंतरी लीक आहेच. लीक शोधून बुजवल्याशिवाय, व्हॅक्यूम ओढून नळीतली हवा काढल्याशिवाय जो नुसता गॅस भरून जातो, त्याचं काम काही महिन्यांत परत निघतं. हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए असतो, तो पेट घेणारा गॅस. घरच्या फ्रीजला जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम लागतो, म्हणून तो काट्यावर मोजूनच भरावा लागतो. अंदाजाने भरणाऱ्याला घरात घेऊच नये.

ऑगस्ट २०१९ चा पूर आला आणि आमच्या धंद्याची खरी परीक्षा झाली. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढं गेली. मारुती चौक, हरभट रोड, सगळीकडं पाणी. आमच्या गाळ्यातही माथ्याएवढं चढलं. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर गुडघाभर गाळ, त्यात दुरुस्तीला आलेली लोकांची अकरा मशीन. त्या रात्री आम्ही दोघं काही न बोलता बसून होतो. सकाळी गाळ काढायला लागलो, तर गल्लीतून लोक फ्रीज, वॉशिंग मशीन, मिक्सर घेऊन यायला लागले. ज्यांनी उतावीळपणे प्लग लावला, त्यांच्या मोटारी जळाल्या.

आम्ही ठरवलं, आधी धुणं. स्वच्छ पाण्याने गाळ काढायचा, मोटारी सुट्या करून वाळवायच्या, ऊन नसेल तर बल्बखाली. मेगर, म्हणजे वायरिंगमधून करंट गळतो का ते तपासायचं मीटर, लावून रीडिंग एक मेगाओमच्या वर आल्याशिवाय लाईट द्यायची नाही. फ्रीजचा कॉम्प्रेसर सीलबंद, त्यात पाणी शिरत नाही, रिले आणि थर्मोस्टॅट मात्र जातात. पण फ्रीजच्या भिंतीतला पफ, म्हणजे गारवा धरणारा फोम, एकदा गढूळ पाण्याने भिजला की वास जात नाही, गारवाही धरत नाही. असा फ्रीज दुरुस्त करून पैसे घेणं म्हणजे पाप. कितीतरी आयाबायांना "ताई, हा टाकून द्या" सांगताना जीव तुटायचा. लग्नात माहेरून आलेला फ्रीज असायचा तो. त्या दीड महिन्यात मजुरी घेतली नाही, फक्त पार्टचे पैसे घेतले. दुकानातल्या अकरा मशीनपैकी आठ चालू करून दिली, तिघांचे पैसे भरून दिले. कर्ज पुन्हा काढावं लागलं, ते मागच्या वर्षी फिटलं.

नवीन गिऱ्हाईक फोन करतं तेव्हा बायको आधी विचारते, "बिल आहे का? वॉरंटी संपली का?" वॉरंटी असेल तर काम आमचं नाही, कंपनीचं, मशीनवरच्या स्टिकरचा नंबर लावायला सांगते. मोबाईलवर शोधून मिळालेल्या नंबरवर फोन करून दोघा-तिघांनी अॅडव्हान्स गमावल्याचं आम्ही जवळून पाहिलंय. मग ती व्हिजिटचे पैसे आधीच सांगते. आवाज येतो का, लाईट लागते का, पाणी कुठून गळतं, एवढं फोनवर कळलं तरी योग्य पार्ट पिशवीत पडतो आणि दुसरी फेरी वाचते.

तिच्याकडे एक जाड रजिस्टर आहे. गल्लीनिहाय नावं, मशीन, मजला. जुलै २०२१ ला पाणी पुन्हा चढायला लागलं, तेव्हा तिने आणि आमच्या दोन पोरांनी दोन दिवस नुसते फोन केले: "वहिनी, मशीन माडीवर चढवा, नाही जमलं तर आम्ही येतो." चाळीसेक घरांत जाऊन आम्ही स्वतः उचलून दिली. आता पावसाळ्यात कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली, की कुणी न सांगता ती रजिस्टर काढून टेबलावर ठेवते.