मूळ स्वर दबतो आणि गंधार उरतो

सस्टेनर, म्हणजे स्वर अखंड टिकवणारी यंत्रणा, बसवलेली गिटार माझ्याकडे दुरुस्तीला क्वचितच येते, आणि येते तेव्हा मालकाची तक्रार बहुधा एका वाक्यात आटोपते: पूर्वी चालत होता, आता चालत नाही. पुण्यातल्या एका तरुण वादकाने गेल्या पावसाळ्यात आणलेल्या गिटारीची तक्रार मात्र इतकी नेमकी होती की ती ऐकून मी हातातले काम बाजूला ठेवले. तो रागसंगीताच्या अंगाने वाजवतो आणि आलापात अखंड स्वर मिळावा म्हणून त्याने सस्टेनर बसवून घेतला होता. पुढे त्याने ब्रिजजवळचा, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीजवळचा, दोन कॉइलचा हमबकर आणि मधला सिंगल कॉइल असे दोन्ही पिकअप, म्हणजे तारेचे कंपन विजेत बदलणारी उपकरणे, दुसऱ्या कारागिराकडून बदलून घेतले. तेव्हापासून सस्टेनरचे बटण मूळ स्वराच्या स्थितीत ठेवून तार छेडली की स्वर टिकण्याऐवजी नेहमीपेक्षा लवकर विरतो आणि त्याच्या जागी बारीक गंधार उमटतो. उलट बटण उपस्वरांच्या, म्हणजे मूळ स्वराच्या पटीत कंपणाऱ्या वरच्या स्वरांच्या, स्थितीत टाकले की मूळ स्वर हवा तितका वेळ टिकतो. "दादा, तानपुऱ्याच्या खर्जातून गंधार ऐकू येतो ना, अगदी तोच," असे त्याने सांगितले.

सस्टेनर म्हणजे ध्वनी लांबवणारे इफेक्ट पेडल, असा समज पुष्कळांचा असतो. प्रत्यक्षात तो तारेलाच हलवत ठेवतो. ब्रिजजवळच्या पिकअपमधून निघालेला क्षीण विद्युत्‌प्रवाह गिटारीतल्याच छोट्या ॲम्प्लिफायरमध्ये वाढवला जातो आणि नेकजवळच्या (गिटारीच्या मानेजवळच्या) एका कॉइलला, म्हणजे ड्रायव्हरला, दिला जातो. त्या कॉइलचे बदलते चुंबकीय क्षेत्र पोलादी तारेला तिच्याच कंपनाच्या तालात ओढते. झोक्याला योग्य क्षणी धक्का दिला तर तो चढत जातो आणि उलट क्षणी दिला तर थांबतो, तसेच इथे घडते. सस्टेनर बंद असताना ड्रायव्हर नेक पिकअप म्हणूनही काम करतो. या वर्तुळात बाहेरच्या ॲम्प्लिफायरचा काहीही संबंध नसतो. त्या मुलाचा संशय घरच्या ॲम्प्लिफायरवर होता, म्हणून मी केबलचे गिटारीकडचे टोक जॅकमध्ये ठेवून दुसरे टोक मोकळे सोडले. प्लग काढून टाकला तर बॅटरीच तुटते, कारण तिचा ऋण अग्र स्टिरिओ जॅकमधूनच जमिनीला जोडला जातो. तार तशीच वागली. संशय तिथेच मिटला.

पुढची पायरी बॅटरीची. ती नवीन होती आणि मीटर नऊ व्होल्टच्या वर दाखवत होता, पण अशा मोजणीला माझ्या लेखी किंमत नाही. सस्टेनर चालू करून, जोर पूर्ण ठेवून आणि तार वाजती असताना मोजले तेव्हा व्होल्टेज सातच्याही खाली आले. ती स्वस्तातली झिंक-कार्बन बॅटरी होती. मल्टिमीटरला किंवा रिमोटला ती पुरते, परंतु तिचा अंतर्गत रोध इतका असतो की ड्रायव्हरने भरपूर प्रवाह मागितला की ती मान टाकते. बुधवार पेठेतून अल्कलाइन बॅटरी मागवून बसवली. आता सस्टेनरला ताकद आली, पण मूळ स्वर पूर्वीपेक्षाही झटकन मेला. मला हवा होता तो पुरावा हाच होता: ताकद वाढल्यावर बिघाडही वाढला, म्हणजे यंत्रणा दुबळी नव्हती, ती उलट दिशेने ढकलत होती.

दिशा उलटण्याच्या जागा मोजक्याच असतात. ड्रायव्हरच्या वायरी आणि सर्किट बोर्ड यांना कोणी हात लावलेला दिसत नव्हता, म्हणून मी पाच स्थितींच्या निवडबटणावर सस्टेनर बंद ठेवून प्रत्येक जोडी ऐकली. ब्रिज आणि मधला पिकअप एकत्र उत्तम वाजत होते. मधला आणि नेकचा एकत्र मात्र पोकळ, नाकात बोलल्यासारखे; दोन पिकअप एकमेकांच्या उलट असले की असेच होते. ती गिटारीची नवी ढबच असावी, असे त्या मुलाने मानून घेतले होते. मग काट्याचा मल्टिमीटर काढला. पिकअपच्या ध्रुवाला पोलादी पेचकस टेकवून झटकन दूर केला की काटा एका बाजूला उडी घेतो, आणि त्या उडीच्या दिशेवरून तारेच्या हालचालीला पिकअप धन उत्तर देतो की ऋण, ते समजते. नेकजवळच्या ड्रायव्हरवर काटा उजवीकडे गेला, मधल्यावर डावीकडे आणि ब्रिजवरही डावीकडे.

आता सगळे जुळले. नवीन मधला पिकअप बाकीच्यांच्या उलट निघाला असणार, आणि तो हमबकरशी पोकळ वाजू नये म्हणून बसवणाऱ्याने हमबकरच्याच दोन्ही वायरी अदलाबदल करून टाकल्या असणार. साध्या गिटारीत हा उपाय चालून जातो, कारण एकटा पिकअप ऐकताना उलटसुलट जोडणीचा कानाला पत्ताही लागत नाही. सस्टेनरच्या वर्तुळात ब्रिज पिकअप ड्रायव्हरला आज्ञा देतो आणि उलटी आज्ञा प्रत्येक कंपनाला विरोध करते. ब्रिज आणि मधला या दोन्ही पिकअपच्या वायरी मी उलट करून सोल्डर केल्या, म्हणजे त्यांचे आपसातले नाते तसेच राहिले आणि ड्रायव्हरशी दोघांचेही जुळले. चौथ्या तारेवरचा स्वर फुलत गेला आणि मी हाताने दाबेपर्यंत थांबला नाही.

तरीही गंधारच का, हा त्याचा प्रश्न शिल्लक होता आणि मला तो दुरुस्तीपेक्षा रंजक वाटला. ड्रायव्हर साधारणपणे चोविसाव्या फ्रेटच्या (पडद्याच्या) जागी, म्हणजे ब्रिजपासून तारेच्या पाव लांबीवर असतो, तर पिकअप ब्रिजच्या अगदी जवळ. मूळ स्वराला पहिला धरून मोजले तर मोकळ्या तारेच्या चौथ्या उपस्वराचा निस्पंद बिंदू, म्हणजे तार हलतच नाही ती जागा, नेमका ड्रायव्हरखाली येतो, म्हणून त्याला ढकलताच येत नाही. पहिल्या तीन उपस्वरांत तार या दोन्ही जागी एकाच दिशेने हलते. पाचव्या, सहाव्या आणि सातव्यात विरुद्ध दिशांनी. त्यामुळे उलटा धक्का पहिल्या तिघांना दाबतो आणि पुढच्या तिघांना साथ देतो. त्या तिघांतून त्याच्या चौथ्या तारेवर पाचवा जिंकत होता, आणि मूळ कंपनसंख्येच्या पाचपट म्हणजेच दोन सप्तके वरचा गंधार. ड्रायव्हरच्या कॉइलमध्ये प्रवाह व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, त्यामुळे हा हिशेब कागदावर दिसतो तितका काटेकोर नसतो, पण दिशा बरोबर दाखवतो.

असा गंधार प्रत्येक फ्रेटवर मिळेल का, असे त्याने विचारले. मिळणार नाही, कारण बोट सरकले की वाजणाऱ्या तारेची लांबी बदलते आणि ड्रायव्हर मात्र जागचा हलत नाही. बाराव्या फ्रेटवर तो वाजत्या तारेच्या बरोबर मध्यावर येतो. तिथे दुसरा उपस्वर निष्प्रभ होतो, उलटा धक्का तिसऱ्याला मिळतो आणि गंधाराऐवजी पंचम उमटतो. उपस्वरांच्या स्थितीत बटण टाकून आम्ही ते वाजवून पाहिले, आणि पंचमच आला. मग त्याने वहीत चौथ्या तारेच्या फ्रेटसमोर स्वर लिहायला सुरुवात केली. पाचव्या तारेवर उत्तरे थोडी वेगळी येऊ लागली तेव्हा त्याने तिच्यासाठी नवे पान उघडले.