सर्व्हर एका दुपारचा, खाती तीन महिन्यांची

“डिरेक्टरी सर्व्हर तर तुम्ही एका दुपारी उभा केलात, मग सगळ्यांची खाती त्यावर न्यायला तीन महिने कशाला?” आमच्या महाविद्यालयात हा प्रश्न मला प्राचार्यांपासून लेखा विभागापर्यंत सर्वांनी विचारला आहे. तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे सगळ्या सर्व्हरवरची खाती एकाच ठिकाणी सांभाळणारा सर्व्हर, आणि तो बसवणे हे खरोखरच दुपारचे काम आहे. वेळ जातो तो कोणते खाते नेमके कोणाचे, हे ठरवण्यात.

आमचे सर्व्हर ज्या लिनक्स प्रणालीवर चालतात, तिच्या लेखी फाइलीचा मालक हे नाव नसून यूआयडी, म्हणजे वापरकर्ता क्रमांक, हा आकडा असतो. नाव केवळ आपल्याला दाखवण्यापुरते खात्यांच्या यादीतून शोधून आणले जाते. हे आकडे साधारणपणे १००० पासून, ज्या क्रमाने खाती उघडली त्या क्रमाने मिळतात. त्यामुळे आमच्या संगणक विभागाच्या सर्व्हरवर १००४ म्हणजे प्रयोगशाळा सहायक, तर यंत्र विभागाच्या सर्व्हरवर १००४ म्हणजे खुद्द विभागप्रमुख. आपापल्या सर्व्हरवर दोघेही सुखाने नांदत होते. पहिल्या प्रयत्नात मी १००४ सहायकाकडेच राहू दिला, विभागप्रमुखांना नवा आकडा दिला, आणि त्यांच्या जुन्या फाइलींवरचा आकडा बदलायला मात्र विसरलो. सोमवारी सकाळी त्यांना स्वतःच्याच प्रश्नपत्रिकांचे फोल्डर उघडेना, कारण मालकाच्या रकान्यात सहायकाचे नाव झळकत होते. त्याने ते उघडले नव्हते, परंतु उघडू शकला असता, आणि हे प्राचार्यांना सांगताना मला घाम फुटला होता.

त्यानंतर सर्वांना २०००० च्या पुढचे, कोणत्याही सर्व्हरवर आधी न वापरलेले आकडे दिले. जुने आणि नवे आकडे एकमेकांत मिसळणारे असतील, तर १००४ चा १००५ केल्यावर लगेच १००५ चा १००६ करताना आधीच बदललेल्या फाइलीही पुन्हा बदलल्या जातात. पट्टाच वेगळा असला की हा घोळ होत नाही. जुन्या-नव्या आकड्यांचा तक्ता मात्र जपून ठेवावा लागतो, कारण जुन्या बॅकअपमध्ये जुनेच आकडे असतात.

नावांचा गुंता याहून चिवट निघाला. नावाचे पहिले अक्षर आणि आडनाव जोडून लॉगिन करण्याची पद्धत ज्याने काढली, त्याच्या कार्यालयात बहुधा पाटील नसावेत, आमच्याकडे एस. पाटील पाच आहेत. कोणाचे खाते माहेरच्या आडनावाने, तर वेतनपत्रक सासरच्या. शेवटी कर्मचारी क्रमांक हीच खूण धरली आणि छापील यादी घेऊन विभागांतून फिरलो. निवृत्त झालेल्या एका लिपिकांचे खाते बेवारस समजून बंद केले, तेव्हा दुसऱ्या दिवशी हजेरीचा अहवालच आला नाही. तो रोज रात्री त्यांच्याच खात्यातून आपोआप तयार होत असे.

पासवर्डचे जुने हॅश (म्हणजे सर्व्हरवर साठवलेली त्यांची सांकेतिक रूपे) ओपनएलडॅपमध्ये, म्हणजे आमच्या डिरेक्टरी सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये, जसेच्या तसे नेता आले असते, पण एकाच व्यक्तीचे तीन सर्व्हरवर तीन पासवर्ड असताना खरा कोणता मानायचा? म्हणून ओळखपत्र पाहून प्रत्येकाला नवा पासवर्ड दिला. रूट, म्हणजे सर्व अधिकार असलेले प्रशासकाचे खाते, तेवढे प्रत्येक यंत्रावर स्थानिकच ठेवले, कारण नेटवर्क बंद पडल्यावर ते दुरुस्त करण्यासाठी लागणारे लॉगिनच नेटवर्कवर अवलंबून असून चालत नाही.

‘गेस्ट१’ नावाचे खाते कोणाचे, हे अद्याप कळलेले नाही. ते पुसलेले नाही, फक्त कुलूपबंद केले आहे, आणि विचारायला अजून तरी कोणी आलेले नाही.