राजधानीच नाही

‘टोकेलाऊची राजधानी कोणती?’ आज क्विझच्या ग्रुपवर हा प्रश्न आला. खाली चार पर्याय. चारही चूक, कारण राजधानी नाहीच!

टोकेलाऊ म्हणजे प्रशांत महासागरातली तीन बेटं: अटाफू, नुकुनोनू, फाकाओफो. तिन्ही कंकणाकृती प्रवाळबेटं, एकमेकांच्या मध्ये खुला समुद्र. वस्ती साधारण दीड हजार. प्रत्येक बेटाचा निवडलेला प्रमुख असतो, त्याला फाइपुले म्हणतात. या तिघांपैकी एक जण दरवर्षी आळीपाळीने ‘उलू’, म्हणजे सरकारप्रमुख होतो. त्याच्याबरोबर सरकारचं ठिकाणही बदलतं.

विमानतळ नाही. शेजारच्या सामोआ देशातल्या आपियाहून बोटीने एक दिवस तरी लागतो. बंदरही नाही, त्यामुळे जहाज प्रवाळाच्या कडेबाहेर थांबतं आणि माणसं, पिठाची पोती, डिझेल सगळं छोट्या होडक्यांत उतरवावं लागतं. लाटा चढल्या की उतरणं थांबलं.

ताबा न्यूझीलंडचा. स्वशासनासाठी 2006 आणि 2007 मध्ये सार्वमत झालं. दोन्ही वेळा बहुमत बाजूने होतं, पण अट दोन-तृतीयांशाची. दुसऱ्या खेपेला कमी पडली फक्त 16 मतं. आपल्याकडे एखाद्या सोसायटीच्या सभेला याहून जास्त माणसं गैरहजर असतात.

ती 16 मतं पडली असती, तर राजधानी ठरवली असती का त्यांनी?