घमेल्याखालचा ठसा

गेल्या मंगळवारी आमच्या बागेच्या कडेला दिवसभर एक घमेलं पालथं पडून होतं, वर वीट ठेवलेली. खाली बिबट्याच्या पंजाचा ठसा. ड्रिपची नळी कुठेतरी गळते, तिथे माती कायम ओली असते. सकाळी घासाला निघालेल्या आईला तो दिसला. मला हाक मारायच्या आधी तिने गोठ्यातलं घमेलं आणून झाकून टाकला. म्हणाली, "कुत्री तुडवतील. त्यांनी नाही तुडवला तर तुम्ही तुडवाल."

आम्ही निफाड तालुक्यात, कादवेच्या काठाला. थोडी द्राक्षं, बाकी ऊस. वर्षभर उसात कुणी आत शिरत नाही, पाणी जवळ, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या. बिबट्याच्या मादीला बाळंतपणाला याहून चांगली जागा कुठली? ऊसतोड सुरू झाली की बछडे सापडतात. मग वनविभागाची माणसं ते क्रेटमध्ये ठेवून अंधार पडल्यावर त्याच वावरात नेऊन ठेवतात, आणि मादी येऊन एकेक उचलून नेते. त्या पिल्लांना जंगल म्हणजे ऊसच.

दुपारपर्यंत गावात आमच्याकडचे बिबटे तीन झाले होते. एकाने पहाटे पुलाजवळ पाहिला, एकाने शाळेमागे, तिसऱ्याच्या मेव्हण्याने पाहिला. त्यात ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला, "आपल्याच रस्त्यावरचा" म्हणून. त्यात मागे डोंगर होता. आमच्या रस्त्यावर उभं राहिलं तर वीटभट्टी दिसते.

मी कुणाला हसत नाही, माझंही तेच झालंय. दोन वर्षांपूर्वी रात्री मोटर चालू करायला निघालो होतो. बांधावर काहीतरी बसलेलं. गाडीच्या उजेडात मला कुत्रं वाटलं. मग ते उठलं आणि मागून शेपटी आली, ती संपेचना. लांब, टोकाला वर वळलेली. दोन-तीन सेकंद, आणि उसात एक सळसळ. गाडी तशीच चालू ठेवून मी घरी पळत आलो (हे बायकोने सगळ्या नातेवाइकांना सांगितलंय). सकाळी नानांना जेवढं घडलं तेवढंच सांगितलं. संध्याकाळी पारावर ऐकलं, की वाघ माझ्यासमोर दहा मिनिटं उभा होता आणि गुरगुरला.

मंगळवारी साडेचारला वनरक्षक आले. घमेलं उचललं तेव्हा मातीच्या कडांना बारीक भेगा पडायला लागल्या होत्या, पण ठसा जिवंत होता. चार बोटं, मागे रुंद गादी, नख एकही नाही. टेप लावली, साडेसात सेंटिमीटर. शेजारी आमच्या मोत्याचा पाय उमटला होता, तो दाखवून म्हणाले, "याची नखं बघा, टोचलेली दिसतात. तरसाचीही दिसतात. बिबट्या नखं आत घेऊन चालतो." पुलाजवळ आणि शाळेमागे जाऊन आले. पुलाजवळ काहीच नव्हतं, शाळेमागे कुत्र्याचे पाय.

मग पिंजऱ्याचा विषय निघालाच. पिंजरा लावा, धरा, लांब नेऊन सोडा. जुन्नरला २००१ ते २००३ च्या सुमारास हेच करून पाहिलं होतं. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर तपासलं, तर बिबटे सोडले त्या भागात माणसांवरचे हल्ले वाढलेले. त्यांनीच पलीकडे नगरकडच्या अकोले तालुक्यात उसाच्या पट्ट्यात कॅमेरे लावले. प्रत्येकाच्या अंगावरचे ठिपके वेगळे, त्यावरून मोजले. १०० चौरस किलोमीटरला पाचच्या आसपास मोठे बिबटे निघाले, आणि त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा. मी हे पारावर बोललो. एक बाई म्हणाली, "भाऊ, तुमची पोरगी मोठी झाली. माझं अडीच वर्षांचं आहे." यावर मला उत्तर सुचलं नाही. आमची पोरगी नववीत आहे, तरी अंधार पडल्यावर मी तिला गोठ्याकडे एकटी सोडत नाही.

पण खरं दुखणं कुणी बोलत नाही. मोटरीला लागणारी थ्री फेज लाईट रात्रीची येते. बिबट्या आणि आम्ही एकाच पाळीला कामावर. दिवसा पाणी भरता आलं, तर आमची निम्मी गाठ पडणारच नाही.

वनरक्षक जाताना एवढंच सांगून गेले, की उभे राहा, बोलत राहा, वावरात खाली बसू नका. बसलेला माणूस त्याला शेळीएवढा दिसतो.

आईने घमेलं विसळलं आणि शेण भरायला नेलं. रात्री साडेबाराची लाईट होती. मी काठी घेतली, मोबाइलवर मोठ्याने भजन लावलं आणि निघालो. मागून तिचा आवाज आला, "व्हॉल्व्ह फिरवताना बसू नको रे. वाकूनच फिरव."