लंबक सिम्युलेटर, नोंद ९: रिलीजआधीचा रिव्ह्यू

मागच्या नोंदीत मी बेधडक लिहिलं होतं की आता कोडवरून एकदा हात फिरवायचा आणि १.० आवृत्ती प्रसिद्ध करायची. त्या हात फिरवण्याला तीन आठवडे गेले. १.० अजून माझ्याच मशीनवर आहे.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: शाळेतल्या मुलांसाठी ब्राउझरमध्ये चालणारा साधा लंबक. दोरीची लांबी, सोडण्याचा कोन, गुरुत्व त्वरण आणि घर्षण असे चार स्लायडर. बाजूला स्टॉपवॉच आणि ऊर्जेचे तीन स्तंभ: गतिज, स्थितिज, एकूण. साधं जावास्क्रिप्ट, कॅनव्हास, बाहेरची एकही लायब्ररी नाही.

स्वतःचा कोड स्वतः तपासण्यात अर्थ नसतो. आपण जे लिहिलंय ते दिसत नाही, जे लिहायचं होतं तेच दिसतं. म्हणून भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या आणि याच नादाला लागलेल्या एका सरांशी अदलाबदल ठरवली. त्यांचा प्रकल्प काचेच्या लोलकाचा, माझा लंबकाचा. त्यांच्याकडे मला साइन फंक्शनला रेडियनऐवजी थेट अंश दिलेले सापडले (३० रेडियनची साइन उणे ०.९८८ येते, त्यामुळे किरण भलतीकडेच वळत होता). मी जरा खुशीत होते. मग माझी पाळी आली.

मला वाटलं होतं सर फाइली उघडतील, व्हेरिएबलच्या नावांवरून बोलणी बसतील. ते म्हणाले, "कोड मग बघू गं. आधी मला दहा दोलनं मोजू दे." आणि मिनिटाभरात, "घर्षण शून्यावर आहे ना? मग हा दमतोय का?"

माझ्याकडे दमत नव्हता. तेच पान, तेच आकडे, एक मीटर दोरी, पृथ्वी. माझा लंबक मिनिटभर सोडला तरी जवळपास तसाच हलायचा, त्यांचा पंधरा-अठरा सेकंदांत अर्ध्या आयामावर, म्हणजे झोक्याच्या निम्म्या रुंदीवर, यायचा. ब्राउझर बदलून पाहिला, कॅश पुसली, सगळे नेहमीचे नवस झाले. शेवटी त्यांच्या लॅपटॉपची स्क्रीन १२० हर्ट्झची आहे (म्हणजे सेकंदाला १२० चित्रं, १२० फ्रेम दाखवणारी) आणि माझी ६० ची, एवढाच फरक उरला. तेव्हा कुठे मी हालचालीची फाइल पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.

तिथे घर्षणाच्या ओळीत स्लायडरच्या किमतीत ०.१६ मिळवलेले होते. कॉमेंट नाही, नाव नाही, नुसता आकडा. मी तो का टाकला हे मला अजिबात आठवत नव्हतं. काढून पाहिला, आणि माझ्या स्क्रीनवरचा लंबक दर झोक्याला वर वर जायला लागला.

मग उलगडा झाला. माझ्या कोडमध्ये दर फ्रेमला तीन ओळी होत्या: त्वरण काढा, कोनात जुना वेग गुणिले वेळ मिळवा, वेगात त्वरण गुणिले वेळ मिळवा. ही ऑयलरची सगळ्यात साधी पद्धत, आणि दोलनांच्या बाबतीत ती फुकटची ऊर्जा निर्माण करते. लहान कोनासाठी हिशोब हातानेही होतो. दर पायरीला ऊर्जा (१ + ग/ल × पायरीचा वर्ग) पटीने वाढते, इथे ग म्हणजे गुरुत्व त्वरण, ल म्हणजे लांबी आणि पायरी म्हणजे दोन फ्रेममधला वेळ. ९.८ आणि १ मीटर घ्या, पायरी १/६० सेकंद, तर फ्रेमला ०.२७ टक्के. ऐकायला किरकोळ, पण सेकंदाला साठ फ्रेम असतात. सेकंदाला जवळजवळ १८ टक्के होतात, म्हणजे सव्वाचार सेकंदांत ऊर्जा दुप्पट.

वाढीचा दर सेकंदाला ०.१६३ आणि माझं गुपचूप घर्षण ०.१६. कधीतरी रात्री लंबक वर चढताना पाहून मी घर्षण वाढवत नेलं असणार, आणि 'आता बरा दिसतोय' असं झालं तिथे थांबले असणार. एका चुकीवर दुसरी चूक इतकी बेतून बसवली होती की दोन्ही दिसेनाशा झाल्या. पण हे बेतणं फक्त एक मीटर, पृथ्वी आणि ६० हर्ट्झ यांच्यापुरतं. १२० हर्ट्झवर पायरी निम्मी, म्हणून फुकटची ऊर्जा निम्मी, घर्षण मात्र तेवढंच. अर्ध्या मीटरच्या दोरीला उलट: वाढ दुप्पट, आठेक सेकंदांत आयाम दुप्पट. हे मला आधी का दिसलं नाही? कारण लांबी बदलून मी दोनच दोलनं मोजायचे आणि रिसेट मारायचे.

सगळ्यात लाज चंद्राने आणली. तिथे गुरुत्व त्वरण १.६२, म्हणजे फुकटची ऊर्जा अगदी थोडी, आणि ०.१६ पुरतं बोकांडी. चंद्रावरचा लंबक दोन दोलनांत अर्ध्यावर यायचा. हवा नसलेल्या जागी माझा लंबक सगळ्यात लवकर थांबत होता, आणि शेजारी घर्षणाचा स्लायडर निरागसपणे शून्य दाखवत होता. एखाद्या मुलीने वहीत 'चंद्रावर घर्षण जास्त असते' असं लिहिलं असतं तर तिचं निरीक्षण चोख होतं.

आणि ऊर्जेचे स्तंभ? एकूण ऊर्जेचा स्तंभ गोळा सोडताना एकदाच मोजला जायचा आणि मग तसाच रंगवला जायचा. गतिज आणि स्थितिज यांची बेरीज कधी केलीच जात नव्हती. ऊर्जेची अक्षय्यता मी चित्रात काढली होती.

दुरुस्ती म्हणजे आधी नुसती दोन ओळींची अदलाबदल: वेग आधी बदलायचा आणि तोच नवा वेग घेऊन कोन बदलायचा. एवढ्यावर ऊर्जा चढायची थांबते, एका झोक्यात थोडी खालीवर होते आणि परत जागेवर येते. स्तंभ मात्र हलकेच थरथरत होता, म्हणून शेवटी वेगाच्या रूपातली व्हर्लेची पद्धत घेतली. लूप व्हर्ले यांनी १९६७ मध्ये रेणूंच्या हालचालींच्या गणनेसाठी वापरलेल्या पद्धतीचंच हे एक रूप. रुंगे-कुट्टा ही दुसरी नेहमीची, जास्त अचूक पद्धत का नाही असं कुणीतरी विचारणारच. तीही इथे उत्तम चालली असती, एवढ्या लहान पायरीला तिची चूक डोळ्याला दिसणार नाही. पण व्हर्लेच्या चार ओळी दहावीतला मुलगा वाचू शकतो, आणि हा कोड मुलांनी उघडून वाचावा अशी माझी इच्छा आहे.

पायरी आता स्क्रीनच्या हातात नाही. फ्रेमला जेवढा वेळ गेला तो एका व्हेरिएबलमध्ये जमा करायचा आणि त्यातून १/२४० सेकंदाचे तुकडे कापून घ्यायचे. उरलंसुरलं पुढच्या फ्रेमला. एक खबरदारी: टॅब मागे गेला की ब्राउझर फ्रेम देणं थांबवतो, आणि परत आल्यावर एकदम चाळीस सेकंद साचलेले निघतात. म्हणून एका फ्रेमला ०.१ सेकंदापेक्षा जास्त जमा करायचं नाही. आणि ०.१६ गेले. ती ओळ पुसताना जरा वाईट वाटलं, इतकी मेहनत होती त्यात.

इथे संपलं असतं तर दुसऱ्याच आठवड्यात रिलीज झालं असतं. पण सर अजून दहा दोलनंच मोजत होते. "५ अंशांवर २०.०७ सेकंद. ६० अंशांवरही २०.०७. असं कसं?"

असं, कारण माझ्या त्वरणाच्या सूत्रात साइन नव्हतीच. कोनाची साइन जिथे हवी तिथे नुसता कोन. लहान कोनाला ते चालतं, म्हणूनच पुस्तकातलं सूत्र येतं आणि दोलनकाल कोनावर अवलंबून नाही असं आपण म्हणतो. गॅलिलिओलाही लंबकाचा दोलनकाल आयामावर अवलंबून नसतो असंच वाटत होतं. ते फक्त लहान कोनाला आणि अंदाजानेच खरं आहे हे पुढे हायगेन्सने नीट मांडलं आणि १६७३ च्या ग्रंथात चक्रज वक्राचा (सरळ जाणाऱ्या चाकाच्या कडेवरचा बिंदू काढतो तो) तोडगा दिला. माझ्या सिम्युलेटरमध्ये मुलं १६७३ च्या अलीकडे येऊच शकत नव्हती.

गिटचा, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या साधनाचा, इतिहास चाळला. सुरुवातीच्या आवृत्तीत साइन होती! पुढे टेस्ट (कोडचं उत्तर आपोआप ताडून पाहणारा छोटा कोड) लिहिताना ३० अंशांवर २.०४ सेकंद येत होते आणि सूत्र २.०१ म्हणत होतं. मी साइन काढली आणि त्या बदलाच्या नोंदीला, कमिटला, नाव दिलं: 'आकडे जुळले'. तेव्हापासून सगळ्या टेस्ट हिरव्या. टेस्ट ज्या सूत्राशी ताडून पाहत होती, त्याच सूत्रात बसेल असा कोड मी कापून दिला होता. परीक्षार्थी आणि परीक्षक एकाच बाकावर.

नवी टेस्ट वेगळ्या वाटेने जाते. कुठल्याही कोनासाठी अचूक दोलनकाल काढायची एक सुरेख युक्ती आहे, गाउसच्या अंकगणिती-भूमितीय मध्याची. १ आणि अर्ध्या कोनाची कोसाइन हे दोन आकडे घ्या. त्यांचा अंकगणिती मध्य आणि भूमितीय मध्य काढा, मग त्या दोघांचे परत तेच. ६० अंशांसाठी: १ आणि ०.८६६०. पहिल्या फेरीत ०.९३३० आणि ०.९३०६. दुसऱ्या फेरीत दोन्ही ०.९३१८. झालं. पुस्तकातला २.००७ त्याने भागा, २.१५४ सेकंद. ९० अंशांना असंच २.३६९ येतं. सात-आठ ओळींचा कोड, आणि हालचालीच्या फाइलमधली एकही ओळ त्यात उसनी नाही. टेस्ट लिहायची तर अशी, जिला आपल्या कोडचं तोंडही माहीत नाही. साइन परत आल्यावर सरांना ६० अंशांवर दहा दोलनांना २१.५ सेकंद मिळाले. हा दीड सेकंदाचा फरक साध्या स्टॉपवॉचवर कुठल्याही वर्गात पकडता येतो, आणि आता तोच या सिम्युलेटरमधला माझा सगळ्यात लाडका प्रयोग आहे.

बाकीचं भराभर सांगते. कोनाचा स्लायडर १७० अंशांपर्यंत जात होता. सर म्हणाले, "दोरी आहे की सळई?" ९० अंशांच्या वरून सोडलं तर दोरी ताठ राहणारच नाही. मर्यादा ९० केली. 'सावकाश' बटण दाबलं की लंबक निम्म्या वेगाने, पण स्टॉपवॉच भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे, म्हणजे बटण दाबून दोलनकाल दुप्पट करता येत होता. स्टॉपवॉच आता सिम्युलेशनचाच वेळ मोजतं. दर रिसेटला कीबोर्डचा नवा लिसनर (कळ दाबली की चालणारं फंक्शन) जोडला जात होता आणि जुना तसाच. वीस रिसेटनंतर बाणाची कळ एकदा दाबली की लांबी वीस पावलं पळायची. रंगांधळ्या मुलांनाही वेगळे दिसावेत म्हणून ऊर्जेचे लाल-हिरवे स्तंभ आता निळे-नारिंगी आहेत, शिवाय एकावर तिरप्या रेघा.

एका बगवर मात्र थांबते, कारण मराठीत काही बनवणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला तो येणार. लांबीच्या चौकटीत आकडा नीट दिसावा म्हणून मी ब्राउझरचं संख्या-रूपांतर मराठी लोकेल (भाषेची सेटिंग) देऊन वापरलं. मराठीला ते आपोआप देवनागरी अंक देतं, '१.५०' वगैरे, छानच दिसतं. पण चौकटीत काही बदल झाला की तोच मजकूर परत वाचून संख्या करायचे, आणि हे काम करणाऱ्या जावास्क्रिप्टच्या पार्सफ्लोट फंक्शनला देवनागरी अंक कळत नाहीत. उत्तर येतं नॅन, म्हणजे 'ही संख्याच नाही'. नॅनला काहीही मिळवा, नॅनच राहतं. कॅनव्हासला नॅन दिला तर तो तक्रार करत नाही, नुसतं काढत नाही. म्हणजे ब्राउझरचा चुका दाखवणारा कन्सोल स्वच्छ, एकही लाल ओळ नाही, आणि स्क्रीनवरून लंबक गायब. इंग्रजी आवृत्तीत हे कधीच होत नव्हतं आणि मी तपासायचे ती इंग्रजीच. आता खरी संख्या मॉडेलमध्येच राहते, चौकट ती फक्त दाखवते. टाइप केलेल्या अंकांसाठी छोटं फंक्शन: युनिकोडमध्ये ० ते ९ हे देवनागरी अंक २४०६ ते २४१५ अशा सलग जागांवर आहेत, २४०६ वजा केले की काम झालं. मुलं दोन्ही अंक मिसळून टाइप करतात, तेही चालतं.

जे मुद्दाम सोडलं ते: गोळा बिंदूएवढा, दोरीला वजन नाही, हवेचा रोध वेगाच्या पटीत. पाच सेंटीमीटर त्रिज्येच्या गोळ्याने एक मीटरच्या लंबकाला जेमतेम एक मिलिसेकंद फरक पडतो, त्यासाठी कोड फुगवायचा नाही. पण ही गृहीतकं आता 'हे धरलेलं नाही' अशा चौकटीत पानावरच लिहिली आहेत. सरांचा आग्रह होता, आणि बरोबर होता.

आता अडकलंय ते एका गोष्टीवर. आम्हा दोघांकडे मिळून ६० आणि १२० हर्ट्झच्या स्क्रीन आहेत. १४४ ची कुणाकडे असेल तर चंद्र निवडा, दोरी एक मीटर, कोन ५ अंश, घर्षण शून्य, आणि दहा दोलनं मोजा. ४९.४ सेकंद यायला हवेत. दहावं दोलन पहिल्याइतकं रुंद नसेल तर मला आधी ते सांगा, सेकंद नंतर.